आरशात न दिसणाऱ्या हेराबद्दल गिऱ्हाइकांची मतं

“एवढा मोठा हेर, आणि मेल्याला स्वतःचा भांग सरळ पाडता येत नाही.”

बँकेतल्या बाई हे स्वतःशीच पुटपुटल्या. डोक्यावर डायचा लेप, कानांवर प्लॅस्टिकच्या टोप्या, गळ्याभोवती काळा ॲप्रन आणि मांडीवर पुस्तक, अशा थाटात त्या बसल्या होत्या. ताई नेमकी त्यांच्या मानेवरचा ओघळ पुसायला वाकली होती, त्यामुळे तिचा कान अगदी त्यांच्या तोंडाशी होता. तिने ते वाक्य ऐकलं आणि जपून ठेवलं. कामाचं होतं.

“तो मेलेलाच आहे की हो,” बेसिनपाशी टॉवेलांच्या घड्या घालता घालता पार्लरमधली मदतनीस मावशी म्हणाली. “व्हॅम्पायर म्हणजे आणखी काय असतं?”

बँकेतल्या बाईंचं म्हणणं पडलं, की मेला असला म्हणून काय झालं, माणसाने टापटीप राहू नये का? त्यावर मावशीने त्यांना समजावलं, की त्याला आरशात स्वतःचं तोंडच दिसत नाही, तर तो भांग पाडणार कसा? बाई म्हणाल्या, हां, ते एक आहेच, आणि पुन्हा पुस्तकात शिरल्या. ताईने घड्याळाकडे पाहिलं. डाय चढायला अजून अवकाश होता.

ताईचं पार्लर म्हणजे तीन खुर्च्या, तीन आरसे, कड उडालेलं एक बेसिन आणि रस्त्याकडे उघडणारी एक मोठी खिडकी. पूर्वी आरशांशेजारच्या खुंट्यांना जुनी मासिकं लटकलेली असायची. तीन महिन्यांपूर्वी ताईच्या धाकट्या बहिणीने ती काढून टाकली आणि तिथे दोरीने स्वतः काढलेलं पुस्तक टांगलं, प्रत्येक खुंटीला एकेक प्रत. एकाच भागात संपणारी मंगा, म्हणजे जपानी धर्तीची चित्रकथा, आधी पहिला भाग वाचा आणि मग दुसऱ्याची वाट बघा अशी भानगड नसलेली. पुस्तक घरी न्यायचं नाही, असा नियम मावशीने परस्पर करून टाकला होता. त्यामुळे ज्याचा डाय जितका वेळ, त्याचं वाचन तितका वेळ. मावशीने “चला बेसिनवर” म्हटलं, की हेर गच्चीवरून उडी मारतामारता हवेत लटकून राहायचा, थेट गिऱ्हाइकाच्या पुढच्या फेरीपर्यंत.

पण गिऱ्हाइकं कसली धीर धरतात. महिन्याने येणाऱ्या बायका पंधरवड्यात यायला लागल्या. कुणाला टोकं कापायची होती, कुणाला नुसतं डोकं धुऊन घ्यायचं होतं. औषधाच्या दुकानातली बाई तर चक्क भुवया कोरायला आली, तेव्हा तिला भुवया जेमतेमच होत्या.

या औषधवालीने एक घोळ घातला होता. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, हे धाकटीने ताईला दहादा बजावलं होतं, आणि गिऱ्हाइकांना सांगायचं ताईच्या लक्षातून साफ गेलं होतं. औषधवालीने नेहमीसारखं डावीकडून पुस्तक उघडलं आणि पहिल्याच बैठकीत शेवटापासून निम्म्यापर्यंत उलटं वाचून काढलं. तिचं मत असं झालं, की इतकं आशादायक पुस्तक तिने बरेच दिवसांत वाचलं नाही. घराघरांतून नाहीसे झालेले आरसे एकेक करून आपापल्या भिंतीवर परत येतात, रडणारी माणसं हळूहळू हसायला लागतात, आणि हेरावरची संकटं पानागणिक कमी होत जातात. तिला खरी दिशा सांगितल्यावरही तिने आपलं मत बदललं नाही. तुमच्या दिशेने वाचलं तर डोक्याला ताप होतो, असं तिने सुनावलं. मग आरशातून ताईकडे बघत ती म्हणाली, “फक्त ते अगदी पहिलं पान, म्हणजे तुमचं शेवटचं... असो. भुवया जरा बारीक ठेवा.”

हे ‘असो’ ताईला खटकलं होतं.

धाकटी पार्लरच्या वरच्याच खोलीत राहायची. राहायची म्हणजे दिवसा झोपायची आणि रात्री चित्रं काढायची. आई-वडील गेले तेव्हा ती दप्तर पाठीला लावून शाळेत जाणारी पोर होती, आणि ताई नुकती दुसऱ्याच्या पार्लरमध्ये केस झाडायला लागलेली. ताईने तिला वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, पुढे तिचे केस कापले, तिला हिशेबनिसाच्या नोकरीला चिकटवलं, आणि तिने ती नोकरी सोडली तेव्हा आठ दिवस तिच्याशी अबोला धरून नवव्या दिवशी तिच्यासाठी नवं टेबल आणलं. लाडात असली की ताई तिला घुबड म्हणायची. रागात असली तरी घुबडच म्हणायची, नुसता सूर बदलायचा.

आता या घुबडाला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं होतं. तिथल्या एका चित्रांच्या स्टुडिओने पुस्तक पाहिलं होतं, आणि तिने तिकडे येऊन राहावं, त्यांच्यासाठी काम करावं असं त्यांचं म्हणणं होतं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. धाकटीचा पाय निघत नव्हता. पुस्तक छापणाऱ्याने कौतुक केलं ते त्याला विकायचं म्हणून, मित्रांनी केलं ते मित्र म्हणून. आपल्याला खरंच येतंय की आपण उगाच हवेत आहोत, हे तिला कळेना. शेवटी तिनेच तोडगा काढला. पार्लरमधल्या बायका कुणाची भीड ठेवत नाहीत. त्यांना मनापासून आवडलं तर जायचं, नाहीतर इथेच बसून आणखी हात बसवायचा. पण त्या माझ्या तोंडावर गोडच बोलतील, म्हणून ताई, तू ऐक आणि मला सांग.

ताईने हो म्हटलं. तेव्हा तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

दुपार व्हायच्या सुमाराला धाकटी उशीने चपटे झालेले केस घेऊन खाली उतरायची, चहाचा कप दोन्ही हातांत धरून मधल्या खुर्चीत मांडी घालायची आणि विचारायची, काय म्हणाल्या? ताई सांगायची. भांग वाकडा आहे म्हणे. कॉलर फारच उंच, मान आहे की नाही कळत नाही. सुळे आहेत का चमचे आहेत? पावसाची चित्रं फार, कपडे वाळत घातल्यासारखं वाटतं.

यातला शब्दन् शब्द कुणी ना कुणी बोललेलाच होता. ताईने पदरचं एक अक्षर घातलं नव्हतं. तिने फक्त कात्री चालवली होती. बँकेतल्या बाई गच्चीवरच्या पाठलागाची पानं तीनदा मागे जाऊन बघत होत्या, हे तिने सांगितलं नाही. औषधवालीने ताईच्या गल्ल्यापाशी थांबल्या थांबल्या बिलाच्या पाठीमागे हेराचं नाक काढायचा प्रयत्न केला होता, तेही नाही. एक बाई डोकं पुसता पुसता म्हणाली होती, की हे पुस्तक वाचल्यापासून मला अंधाराची भीती वाटेनाशी झालीय. ते तर ताईने ऐकल्याबरोबर खाली टाकलं आणि केराबरोबर झाडून काढलं. खाली पडलेल्या केसांचा कुणी हिशेब मागत नाही.

तिने स्वतः पुस्तक वाचलं नव्हतं. वेळ नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय, हात डायने भरलेले असतात, अशी कारणं ती द्यायची. खरं कारण एकच होतं, आणि ते ती स्वतःलाही सांगत नव्हती. वाचलं आणि आवडलं, तर काय करायचं?

आणि एक मजा तिच्या लक्षात यायला लागली. गिऱ्हाइकं सगळ्यावर तोंड भरून बोलायची, पण पुस्तक ज्याचं संपायचं त्याचं तोंड एकदम मिटायचं. शेवटचं पान झालं की ती बाई आरशातून ताईकडे बघायची, मग ताईच्या अंबाड्यात खोचलेल्या कंगव्याकडे बघायची, मग नळाकडे. आणि म्हणायची, पाणी जरा कोमट द्या हं. मावशीला विचारलं तर मावशी टॉवेल मोजायला लागायची.

शेवट पडलाय, ताईने ताडलं. चांगलं जमत आलेलं पोरीचं शेवटी फसलंय, आणि बायका माझ्याकडे बघून गप्प बसतात. तिला वाईट वाटलं. आणि वाईट वाटता वाटताच आतून काहीतरी सैलसर, सुखाचं वाटलं, त्याची लाजही वाटली. गुरुवारी दुपारी तिने धाकटीला ते सांगून टाकलं.

धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. “शेवट आवडला नाही? कुणालाच?”

कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, एवढंच ताई म्हणाली. आणि तेही शंभर टक्के खरं होतं.

“तू वाचलास?”

ताईने वेळेचं कारण सांगितलं. धाकटीने चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरून म्हणाली, की मग ती त्यांना नाही म्हणून कळवून टाकते. उद्या सकाळी लिहिते. ताईने मान डोलावली. हवं ते पदरात पडलं होतं. त्या रात्री मात्र तिला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी गणिताच्या बाई आल्या. शाळेत त्यांचा दरारा असा, की वर्गाबाहेर त्यांच्या चपला वाजल्या तरी फळा आपोआप पुसला जातो म्हणे. पार्लरमध्येही त्या तशाच ताठ बसायच्या. त्यांनी तपकिरी रंग सांगितला, ॲप्रन स्वतःच बांधून घेतला, खुंटीवरून पुस्तक काढलं आणि मागच्या वेळी जिथे राहिलं होतं तिथून सुरुवात केली. वेळ झाल्यावर मावशीने त्यांना बेसिनवर बोलावलं. त्या हलल्या नाहीत. पुन्हा बोलावलं. त्यांनी वर न बघता एक बोट उभं केलं, ज्या बोटाने त्या वर्गाला गप्प करत असणार. मावशी गप्प झाली. ताईने जाऊन सांगितलं, बाई, रंग गडद होईल. बाई म्हणाल्या, होऊ दे. ताई म्हणाली, अहो, तपकिरीचा भलताच होईल. बाई म्हणाल्या, उरलेली पानं थोडी आहेत, आणि मी काही लग्नाला उभी नाहीये.

त्यांचं डोकं धुतलं गेलं तेव्हा केस चांगले टपोऱ्या वांग्याच्या रंगाचे झाले होते. आरशात ते ध्यान बघून पार्लर श्वास रोखून उभं राहिलं. बाईंनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि एकदम खो खो हसत सुटल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसू थांबल्यावरही ते येतच राहिलं. मावशी टॉवेल घेऊन धावली.

“रंगाचं नाही हो,” बाई नाक पुसत म्हणाल्या. “ते शेवटचं पान. पोरीने काय लिहिलंय. तुम्ही कसं हो निभावलंत वाचून?”

ताईने सांगितलं, की तिने ते वाचलेलं नाही.

मधल्या खुर्चीत बँकेतल्या बाई होत्या, पलीकडे औषधवाली. तिन्ही आरशांतून सगळ्या जणी ताईकडे बघायला लागल्या. मावशी मोजलेले टॉवेल पुन्हा मोजायला लागली. गणिताच्या बाईंनी पर्स उचलली. मग मी काही बोलत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि आपलं वांगी रंगाचं डोकं ताठ ठेवून रस्त्यावर निघून गेल्या.

बाकीची गिऱ्हाइकं उरकल्यावर ताईने दारावर ‘बंद’ची पाटी उलटवली. मावशी काही न विचारता घरी गेली. ताईने हात साबणाने दोनदा धुतले, चष्मा पुसला, मधल्या खुर्चीत बसली आणि पुस्तक उजवीकडून उघडलं.

हेर पहिल्या पानावरच तिला आवडला. लांब, पांढराफटक, दिवसाउजेडी डोळे चोळणारा, कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्याआत पाऊल न टाकणारा. रक्ताऐवजी तो बाटलीतलं टोमॅटोचं काहीतरी प्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. शहरातले आरसे चोरीला जात होते, आणि चोर शोधायचं काम आलं होतं नेमकं त्याच्याकडे, ज्याला आरशाचा काही उपयोग नाही. तो ज्या घरी तपासाला जाई, त्या घरातला आरसा तो पोचायच्या आधीच गेलेला असे. ताई एका ठिकाणी मोठ्याने हसली आणि रिकाम्या पार्लरमध्ये स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

मग केस कापणारी बाई आली. हेराचं तोंड कसं दिसतं हे त्याला सांगणारी जगात ती एकटी. अंबाड्यात कंगवा खोचलेली, गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी खाली दाबणारी, बोलताना कात्री हवेत कचकच वाजवणारी. ती हेराला नेहमी आरशाकडे पाठ करून बसवायची. सांगायची, आज फार पांढरा पडलायस. कॉलर वर कर, लोक घाबरतील. लांब जाऊ नकोस, तुला कोण ओळखतं तिकडे? हेर तिचं सगळं ऐकायचा. ताईने ती पानं सावकाश उलटली. नाक जरा मोठं काढलं होतं, बाकी चुकायला जागा नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांनी ओळखलं होतं.

आरसे तीच चोरत होती. हेर व्हॅम्पायर होता हे खरं, पण आरशात दिसत नाही, हे त्याला तिनेच लहानपणी सांगितलेलं होतं. तो दिसत होता. चांगला माणसासारखा, देखणा दिसत होता. त्याने ते एकदा पाहिलं असतं, तर मग तिच्या खुर्चीत यायचं त्याला काही कारण उरलं नसतं. शेवटच्या पानावर हेर आपली खुर्ची स्वतःच फिरवतो आणि आरशात बघतो. तो तिला पकडत नाही, रागावतही नाही. नुसतं विचारतो, का? ती कात्री धरून उभी आहे. तिथे पुस्तक संपतं. पुढचा भाग नाही.

ताईने पुस्तक मिटलं. चोर पकडला गेला होता, आणि तो ज्या गोष्टीसाठी पकडला गेला होता तीच तो गेले काही आठवडे रोज दुपारी, चहाच्या वेळी करत होता. धाकटीने हे सगळं कधीच काढून, छापून, तिच्याच खुंट्यांना टांगून ठेवलं होतं. गावभर बायकांनी वाचलं होतं. एकटीने वाचायचं राहिलं होतं.

ती जिना चढून वर गेली. धाकटी टेबलापाशी बसली होती. समोर स्क्रीनवर स्टुडिओला लिहिलेला निरोप तसाच होता. पाठवायचा राहिला होता, सकाळपासून ती त्यातला एकच शब्द बदलत होती.

ताई दारातच उभी राहून बोलायला लागली. तिने सगळं सांगितलं, खाली झाडून टाकलेलं एकूण एक उचलून. तीनदा बघितलेला पाठलाग, बिलामागचं नाक, अंधाराची भीती गेलेली बाई. भुवया नसलेलीच्या भुवया. वांग्याच्या रंगाचं डोकं, आणि ते डोकं घेऊन बाई शाळेत कशा गेल्या असतील. बाईंनी विचारलेलंही सांगितलं. सांगताना ती तिघीचौघींचे आवाज काढत होती, आणि धाकटी आधी नुसती बघत होती, मग हसायला लागली, मग तोंडावर हात धरून हसायला लागली.

“आणि हे सगळं आत्तापर्यंत कुठे होतं?” तिने विचारलं.

“केरात,” ताई म्हणाली.

धाकटीने हसणं थांबवलं. “शेवट वाचलास.”

“वाचला. नाक मोठं काढलंयस माझं.”

“नाक आहे तेवढंच आहे.”

“हनुवटी कुणी अशी दाबत नाही.”

“ताई, तू आत्ता हवेत दाबतेयस.”

ताईने हात खाली घेतला. खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली, पुन्हा उठली, उशी झटकली. धाकटीने खुर्ची तिच्याकडे वळवली. काही विचारलं नाही. पण पुस्तकात विचारून ठेवलेलंच होतं, आणि उत्तर द्यायला या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“तू जावंस असं मला वाटत नाही,” ताई म्हणाली. “पहिल्यापासून वाटत नव्हतं. आत्ता, हे वाचून आल्यावरही वाटत नाही. पण तू जा.”